पाचशे वॉट आणि एक ठोका

गुरुवार, ९ नोव्हेंबर २००६

ही डायरी विमा एजंटाने जानेवारीत दिली होती. नोव्हेंबरात उघडतोय, कारण लिहून ठेवण्यासारखं काही घडायलाच दहा महिने लागले. आमच्या बँडची कंपनीच्या ॲन्युअल डेसाठी निवड झाली. सतरा फेब्रुवारी, म्हात्रे पुलाजवळचं लॉन, बाराशे माणसं आणि अमेरिकेहून येणारे दोन बडे साहेब.

बँड चौघांचा. गिटार आणि गाणं शुभंकरकडे, ड्रम सोनूकडे, कीबोर्ड आम्रपालीकडे आणि बेस गिटार माझ्याकडे. तिघंही माझ्याच प्रोजेक्टमधली, पंचविशीच्या आसपासची. मी एक्केचाळीसचा आणि त्यांचा मॅनेजर. त्यांचं बँड काढायचं चाललं होतं तेव्हा मी सहज म्हणालो की माझ्याकडे बेस आहे, न्यू जर्सीहून आणलेला. दुसऱ्या दिवशी मी बँडमध्ये होतो. आमच्या कंपनीत एवढ्या चटकन दुसरा कुठलाही निर्णय झालेला मी पाहिलेला नाही.

अडचण एकच. माझा ॲम्प पंधरा वॉटचा, पोळ्यांच्या डब्यापेक्षा जरासा मोठा. सोनूने ड्रमला काठी लावली की मी ऐकूच येत नाही. तिघं म्हणतात, "सर, चालतंय की." चालतंय म्हणण्यानेच या देशाचं वाटोळं झालं आहे. मी योग्य ॲम्प घेणार आणि योग्य पद्धतीने घेणार.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

एक्सेल शीट तयार. बेसचा आवाज दोन खोक्यांतून येतो. वरचं हेड, म्हणजे ताकद देणारं, आणि खालचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं. कॅबिनेटमध्ये दहा इंची चार स्पीकर घ्यावेत की पंधरा इंची एक, यावर इंटरनेटवर दोन अमेरिकन २००१ सालापासून भांडत आहेत. दहावाले चटपटीत, पंधरावाला खोल. मी दोघांचीही बाजू वाचून काढली. बावीस निकष ठरवले आणि प्रत्येकाला टक्केवारीत वजन दिलं.

भाग्यश्री चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून शीट वाचू लागली.

"अहो, यात वाजवण्याला किती टक्के?"

मी सांगितलं की ही उपकरणांची तुलना आहे, वाजवणं स्कोपच्या बाहेर आहे.

"बरं झालं," ती म्हणाली आणि कप उचलून गेली. तिचे वडील कीर्तनाला तबल्याची साथ करायचे आणि लहानपणी तीही शिकली आहे, त्यामुळे संगीतात आपल्याला कळतं असा तिचा समज आहे. भाजी शिजेपर्यंत ओट्यावर बोटं आपटत असते.

रविवार, २६ नोव्हेंबर

कॅम्पातल्या वाद्यांच्या दुकानात अडीच तास. दुकानदाराने दोन कॅबिनेटं जोडून दिली, बेस हातात दिला आणि म्हणाला, "वाजवून बघा." मी वाजवलं नाही. दुकानात वाजवून निर्णय घेणं म्हणजे भावनेच्या भरात घर घेणं. मी त्याला रोधाबद्दल विचारलं. आठ ओहमची दोन कॅबिनेटं एकत्र जोडली की चार ओहम होतात आणि तेव्हाच हेड पुरे पाचशे वॉट देतं. त्याला हे माहीत होतं, पण मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी तो फारच आदराने बोलायला लागला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

शनिवार, २ डिसेंबर

नारायण पेठेत दत्तोबांकडे गेलो. मांडव आणि स्पीकर भाड्याने देतात, अर्ध्या पेठांतल्या मंडळांचा गणपती यांच्या आवाजावर चालतो. ॲन्युअल डेचं कंत्राटही यांनाच मिळालंय. साठीचे गृहस्थ, कानात कापूस. मी शीटचा प्रिंट पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान बघितलं आणि उलटं करून त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"साहेब, खोकं कुठलंही घ्या. त्यात जे घालाल तेच बाहेर येईल."

कारागिरांचा हाच प्रश्न आहे. अनुभव खूप, पण तपशिलात शिरायची तयारी नाही.

शनिवार, ९ डिसेंबर

सराव दर शनिवारी कंपनीच्या कॅन्टीनमागच्या खोलीत होतो. मी गेले दोन शनिवार ॲम्पच्या कामामुळे जाऊ शकलो नव्हतो. तिघांनी मनाला लावून घेतलं नाही, उलट चेहरे टवटवीत वाटले.

एक गोष्ट खटकली. आम्रपाली कीबोर्डवर डाव्या हाताने खालच्या पट्टीत काहीतरी वाजवत असते. मी तिला समजावलं की खालचे सूर बेसचे, दोघं तिथे गेलो की नुसता चिखल होतो, तू डावा हात खिशात ठेव. ती नागपूरची आहे, टेस्टिंगला आहे, मोजकंच बोलते. आज मात्र बोलली.

"सर, तो ॲम्पचा प्रॉब्लेम नाहीये. तुम्ही पहिल्या ठोक्यावर उशिरा येऊन राहिले."

सोनू ड्रमचा स्क्रू घट्ट करायला लागला. शुभंकर घाईघाईने म्हणाला, "नाही नाही सर, तिला म्हणायचंय की थोडा लेड-बॅक फील येतो. एकदम क्लासी."

मी हसलो. लहान ॲम्पमध्ये आवाज पोचायला वेळ लागतो हे तिला कसं कळणार.

सोमवार, ११ डिसेंबर

आम्रपालीची मेल. सॉफ्टवेअरमधला दोष कळवतात तशी, क्रमांक घालून. कुठलं गाणं, कुठली ओळ, किती उशीर, किती वेळा. एकूण अकरा ठिकाणं. शेवटी एक ओळ: 'सगळीकडे पहिलाच ठोका.' मुलगी कामाला चोख आहे, नाकारत नाही. पण टेस्टिंगवाल्यांना सुटीच्या दिवशीही दोष दिसतात, हा त्या पेशाचाच रोग.

मी दुपारी जेवणाच्या सुटीत बेस मनातल्या मनात वाजवून पाहिला. उशीर झाला नाही. 'नॉट रिप्रोड्यूसिबल', म्हणजे करून पाहिलं पण दोष आढळला नाही, असा शेरा मारून दोष बंद केला.

शनिवार, २३ डिसेंबर

निकाल लागला. पाचशे वॉटचं हेड, ट्रान्झिस्टरचं. ट्यूबचं नाही, कारण ते नाजूक असतं. कॅबिनेटं दोन्ही: चार दहावालं आणि एक पंधरावालं. त्या दोन अमेरिकनांना सहा वर्षांत जे जमलं नाही ते मी सहा आठवड्यांत सोडवलं.

तरी एकट्याने निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही. शीट तिघांना मंजुरीसाठी पाठवली. शुभंकरची मंजुरी चार मिनिटांत आली: 'ऑसम सर, काय व्हिजन आहे!' चाळीस पानांची फाइल, चार मिनिटांत. एवढा विश्वास आजकाल घरातही मिळत नाही. सोनूने हसरा चेहरा पाठवला. आम्रपालीने लिहिलं: 'हेडबद्दल हरकत नाही. अकरा तारखेचा दोष उघडाच आहे असं माझं मत आहे.'

शनिवार, ६ जानेवारी २००७

नवी डायरी कुणी दिली नाही, म्हणून जुनीतलीच जानेवारीची कोरी पानं वापरतोय. छापलेला वार खोडावा लागतो, बाकी काही फरक पडत नाही.

माल आला. आमची इमारत सदाशिव पेठेतली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बावीस निकषांत जिना नव्हता. टेंपोवाल्याने मार्केट यार्डातून दोन हमाल आणले. कांद्याची पोती पिसासारखी उचलणारी माणसं, दुसऱ्या मजल्यावर बसली.

"काय भरलंय आत?" एकाने विचारलं.

"आवाज," मी म्हणालो.

"मग आमच्या घरात फुकट आहे की तो."

रविवार, १४ जानेवारी

तिळगूळ द्यायला खालचे बाळकाका आले होते. दिवाणखान्यात माझ्या खांद्यापर्यंत उंच उभं असलेलं ते धूड त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "आपण हे लावणार असाल तर आधी कळवा. मी त्या दिवशी मुलीकडे राहायला जाईन. मुलगी बोस्टनला असते."

त्यामुळे घरी लावता येत नाही. दर शनिवारी हिंजवडीला कंपनीत नेणंही शक्य नाही, हमाल फोन उचलत नाहीत. सरावाला तोच पंधरा वॉटचा डबा. खरा ॲम्प थेट सतरा तारखेलाच वाजेल. रोज संध्याकाळी कॅबिनेटं न जोडता फक्त हेडचे निळे दिवे लावून बघतो. फार सुंदर दिसतात. भाग्यश्रीने वर फुलदाणी ठेवली होती, मी उचलली. दुसऱ्या दिवशी तिथे गणपतीची तसबीर होती. ती उचलता येत नाही, हे तिला ठाऊक आहे.

शनिवार, ३ फेब्रुवारी

वर्षाच्या मूल्यमापनाचे फॉर्म आले. अठ्ठावीस तारखेपर्यंत भरायचे. पगारवाढ आणि परदेशी जाणं यावरच ठरतं, त्यामुळे जानेवारीपासून मार्चपर्यंत सगळे माझ्याशी अतिशय सुसंस्कृत वागतात. पाचपैकी पाच गुण टीममध्ये एकालाच देता येतात, वरून तसा नियम आहे.

पाच शुभंकरला दिले. कारणाच्या चौकटीत लिहिलं: 'नव्या कल्पनांना तत्काळ पाठिंबा.' सोनूला चार. आम्रपालीला कामात चार, संवादकौशल्यात दोन. त्याचं उदाहरण द्यावं लागतं. मी लिहिलं: 'वरिष्ठांना दोष सांगण्याची पद्धत सुधारावी.' सरासरीत ती तीनवर आली. तिचं नाव जर्मनीच्या कामासाठी होतं, ते आता जमणार नाही. वाईट वाटलं, पण मी व्यक्तिगत गोष्टी मध्ये आणत नाही.

फॉर्म जतन केला, पाठवला नाही. मी नेहमी शेवटच्या दिवशी पाठवतो.

रविवार, १८ फेब्रुवारी

काल झालं. कसं लिहू. आयुष्यात एवढा आनंद मला दोनदाच झालाय, आणि दुसरी वेळ आता आठवत नाही.

दुपारी ॲम्प लॉनवर पोचला. मी स्वतः जोडणार होतो, तेवढ्यात शुभंकर धावत आला. "सर, अमेरिकेचे साहेब आलेत, तुम्ही त्यांना रिसीव्ह करा. इथलं आम्ही बघतो, काळजीच नको." किती समजूतदार मुलगा. मी साहेबांना ढोकळा म्हणजे काय ते सांगत होतो तेव्हा लांबून मला ते चौघं दिसत होते, तिघं आणि दत्तोबा, डोकी जवळ घेऊन उभे. आम्रपाली मान हलवत होती. ती नेहमीच कशाला ना कशाला नाही म्हणत असते.

मग स्टेज. मागे माझी दोन कॅबिनेटं, वर निळे दिवे. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या पायाखालून, छातीतून असा घट्ट, गोल, नेमका बेस आला की माझे डोळे भरले. हा मी होतो. दोन वर्षं त्या पंधरा वॉटच्या डब्याने मला कोंडून ठेवलं होतं. रिस्पॉन्सचा वेग तर काय सांगावा. मी तार छेडण्याच्या किंचित आधीच आवाज येत होता. निकष क्रमांक सहा, वजन बारा टक्के, सार्थकी लागलं. एकदा तर घाम पुसायला हात उचलला तरी सूर चालूच राहिला. चांगल्या कॅबिनेटमध्ये सूर घुमत राहतो असं वाचलं होतं, आता अनुभवलं.

उतरल्यावर माणसं येऊन भेटत होती. अमेरिकन साहेब म्हणाले की बेस फार सुरेख होता. मी शीट मेल करतो म्हणालो. शुभंकरने मिठी मारली. आम्रपाली समोर आली, काहीतरी बोलणार होती, मी म्हटलं, "काय, आला का उशीर?" ती म्हणाली, "नाही सर. आज नाही आला." आणि गेली. शेवटी मान्य केलं.

गाडीत भाग्यश्रीला कसं वाटलं ते विचारलं तर म्हणाली, "त्या मुलीचा हात फार गोड आहे हो."

"कुठल्या मुलीचा?"

"चला, दिवा हिरवा झालाय."

मंगळवार, २० फेब्रुवारी

डिकी साफ करताना पिशवी सापडली. हेडपासून कॅबिनेटपर्यंतच्या दोन केबली, खास बनवून घेतलेल्या, 'अ' आणि 'ब' अशी लेबलं लावलेल्या. माझ्या हातची गाठ जशीच्या तशी. म्हणजे शनिवारी त्या वापरल्याच नाहीत.

दत्तोबांच्या केबली लावल्या असणार. उद्या जाऊन आभार मानायला हवेत.

बुधवार, २१ फेब्रुवारी

दत्तोबा केबली गुंडाळत बसले होते. मी आभार मानले. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"माझी केबल? कशाला? तुमच्या खोक्यांना काही लावलंच नव्हतं. मिक्सरवर पण तुमची लाइन उघडली नाही. पोरं म्हणाली, साहेबांना दिवे दिसले म्हणजे झालं."

"मग बेस?"

"कीबोर्डवाली पोरगी. डाव्या हाताने. तीस वर्षं मशीनवर बसतोय साहेब, असा ठोका कमी ऐकलाय." मग त्यांनी कानातला कापूस काढला. "तिला नव्हतं करायचं. म्हणत होती, आधी सरांना सांगू, नाहीतर मी वाजवत नाही. बाकीचे दोघं म्हणाले, सांगू की, पण मार्चनंतर सांगू."

मी म्हणालो, बरं. लक्ष्मी रोड ओलांडून घरी कसा आलो ते आठवत नाही.

ट्यूबचं हेड घेतलं असतं तर कॅबिनेट न जोडता वाजवल्याने जळून गेलं असतं. ट्रान्झिस्टरचं होतं म्हणून वाचलं. निकष क्रमांक चौदा. बावीसपैकी एवढा एक बरोबर आला.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

शुभंकर केबिनमध्ये डोकावून म्हणाला, "सर, लोक अजून तुमच्या बेसबद्दल बोलतायत." त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गेलं वर्षभर तो असाच बोलतो. मी विचार करत बसलो की याने माझ्या कुठल्या कुठल्या डिझाइनला ऑसम म्हटलं होतं. यादी मोठी आहे. त्यातली दोन क्लायंटकडे चालू आहेत.

रविवार, २५ फेब्रुवारी

बाळकाका गावाला गेलेत. सकाळी तसबीर देव्हाऱ्यात ठेवली, 'अ' आणि 'ब' केबली जोडल्या, आवाज दोनवर ठेवला. भाग्यश्रीला म्हटलं, टेबलावर ठेका धर. तिने कारण विचारलं नाही, हातातली कोथिंबीर बाजूला ठेवून बसली.

आम्रपालीची मेल समोर घेतली. पहिल्या ठिकाणापासून सुरुवात केली. भाग्यश्रीचं बोट पडायचं आणि मग माझा सूर यायचा, चांगल्या हॉटेलातल्या वेटरसारखा, सावकाश आणि आत्मविश्वासाने. पाचशे वॉटमध्ये कसलीच सोय नाही लपण्याची. अकरा ठिकाणं वाजवली, दहा ठिकाणी उशीर. अकराव्या ठिकाणी भाग्यश्री माझ्यासाठी थांबली होती, ते मला कळलं.

मला लाज वाटली. न येण्याची नाही, ते शिकता येईल. जिने सांगितलं तिला मी दोन गुण दिले, आणि ज्यांनी मला दिव्यांपुढे बाहुल्यासारखं उभं केलं त्यांना पाच आणि चार.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्या लॉनला माहीत होतं," ती म्हणाली. मग बोटं परत टेबलावर ठेवून, "पुन्हा पहिल्यापासून घ्या. माझ्या बोटाकडे बघू नका, ऐका."

बुधवार, २८ फेब्रुवारी

फॉर्म उघडला. शुभंकरचे पाच काढले, तीन दिले. वाईट मुलगा नाही, पण त्याला घडवणारा मीच, त्यामुळे स्वतःच्या फॉर्मवरही तेवढंच कमी केलं. आम्रपालीच्या कामाच्या आणि संवादकौशल्याच्या रकान्यात पाच. मग उदाहरणाची चौकट. ती रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे सरकत नाही. बराच वेळ बसलो आणि इंग्रजीत लिहिलं की दोष पहिल्याच वेळी, पुराव्यासह आणि तोंडावर सांगितला, मॅनेजरने ऐकला नाही. फॉर्म पाठवला.

चारच्या सुमारास वरच्या साहेबांचा फोन आला की हे काय लिहिलंयस, काढून टाक, वर वाईट दिसतं. मी म्हणालो, दिसू दे. त्यांनी फोन ठेवला. जर्मनीचं काय होईल ते माहीत नाही.

मग डिसेंबरमधली ती मेल शोधली. माझा शेरा तसाच होता. दोष पुन्हा उघडला आणि लिहिलं: 'रिप्रोड्यूस झाला. अकरापैकी दहा वेळा. पुढच्या कार्यक्रमात बेस तू वाजव, ॲम्प घेऊन जा, हमाल मी बघतो.'

तिचं उत्तर सहा मिनिटांत आलं. आभार नाहीत, हसरा चेहरा नाही. 'ॲम्प नको, माझा डावा हात पुरतो. दोष तुमच्याच नावावर ठेवते. दुरुस्ती कधी देताय?'

मी लिहिलं, दिवाळीपर्यंत. तिने तारीख विचारली. ती उद्या कळवायची आहे.